प्रत कोठे आहे?

संगणकावर काढलेले चित्र हे चित्र आहे की नाही, या वादावर राजधानीतील आम्हां मराठी मंडळींनी यंदाचा हिवाळा बराच उबदार करून घेतला. निमित्त होते एका कलादालनातील प्रदर्शनाचे. डिजिटल कला आणि प्रायोगिक चित्रपट या दोहोंना एकाच छताखाली आणणारे ते प्रदर्शन पाहण्यास आमच्यापैकी पुष्कळजण गेले. काही कुतूहलाने, काही पाहुण्यांना दाखवायला दुसरे ठिकाण उरले नाही म्हणून. परत आल्यावर दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, जे यंत्राने केले ती कला नव्हे. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर ठिपके नाचविणे म्हणजे गारुड्याचा खेळ. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, युरोप-अमेरिकेत हे केव्हाच मान्य झाले असून आपण नेहमीप्रमाणे पन्नास वर्षे मागे आहोत. तिळगुळाच्या समारंभातही हा वाद मिटला नाही. आमच्या मते दोन्ही तट भलत्याच खटल्यात वकिली करीत आहेत. खरा खटला निराळाच आहे आणि त्यातील आरोपी, स्पष्टच सांगायचे तर, आपण सरकारी नोकर आहोत.

प्रथम पहिल्या तटाचा समाचार घेतो. त्याला फार वेळ लागणार नाही. यंत्र आले की कला गेली, हे मत आपल्या देशात एकदा सरकारी हुकूम होऊन बसले होते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केले. पेटीच्या सुरांना मींड येत नाही, श्रुती तिच्या पट्ट्यांत मावत नाहीत, ते परकीय यंत्र आहे, असे आक्षेप होते. आक्षेप अगदीच खोटे होते असे नव्हे. पण त्याच काळी मराठी रंगभूमीचे गाणे पेटीच्या आधाराने उभे होते, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या बोटांनी त्या लाकडी खोक्यातून काय काढले होते हे ज्यांनी ऐकले त्यांना हुकूम वाचून दाखविण्यात अर्थ नव्हता. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. एकतीस वर्षे नभोवाणी एकीकडे आणि सारा गाणारा देश दुसरीकडे, असा तो देखावा होता. पेटी जिंकली ती कोणी तिची बाजू मांडली म्हणून नव्हे. ती वाजत राहिली म्हणून. संगणकाचे तसेच होईल. त्यासाठी आमच्या वकिलीची गरज नाही.

शिवाय ‘यंत्राने केले’ हा आरोपच पुष्कळदा वस्तुस्थितीला धरून नसतो. अकबर पदमसी यांचा ‘सिझिजी’ हा १९७० सालचा मूक लघुपट घ्या. पडद्यावर रेषा येतात, एकमेकींना छेदतात, आकार बांधतात आणि मोडतात. माणूस नाही, झाड नाही, कथा तर नाहीच. आज तो पाहणारा कोणीही म्हणेल की हे संगणकाचे काम. प्रत्यक्षात त्यामागे हाताने काढलेली हजारभर रेखाटने आहेत. आकड्यांच्या एका नियमाप्रमाणे एकेक रेषा पुढे सरकविलेली आणि एकेक चौकट कॅमेऱ्याने टिपलेली. संगणकाने करावयाची आकडेमोड माणसाने कागदावर बसून केली, असा हा प्रकार आहे. म्हणजे मुंबईतील एका चित्रकाराने यंत्र हाती येण्यापूर्वीच यंत्राचा विचार करून ठेवला होता! पुढे उतारवयात खरोखरीचा संगणक मिळाल्यावर त्यांनी त्यावरही चित्रे केली. ज्याने हाताने यंत्राचे काम केले त्यानेच यंत्राने हाताचे काम केले. आता यांतले कोणते कला आणि कोणते गारुड, हे पहिल्या तटाने सवडीने ठरवावे.

दुसऱ्या तटाशी मात्र अधिक बोलले पाहिजे. कारण त्यांचे अज्ञान विद्वत्तेच्या वेषात वावरते.

‘हे सारे परदेशातून आले’ असे म्हणणाऱ्यांना आमचा साधा प्रश्न आहे : प्रदर्शनातील सर्वांत धीट, सर्वांत बेबंद असे जे चार-दोन लघुपट आपण पाहिलेत, त्यांच्या आरंभी कोणाचे नाव होते? बहुतेकांनी ते वाचलेले दिसत नाही. ते नाव होते फिल्म्स डिव्हिजनचे. म्हणजे भारत सरकारचे; माहिती व नभोवाणी मंत्रालयाचे; मुंबईतील पेडर रोडवरच्या एका सरकारी कचेरीचे. १९४८ साली स्थापन झालेल्या या खात्याचे अनुबोधपट आणि वृत्तचित्रे मुख्य चित्रपटाआधी दाखविलीच पाहिजेत, ही चित्रगृहाच्या परवान्याची अट होती. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींना ती आठवतात ती धरणे, खते आणि मंत्र्यांची उद्घाटने म्हणून. आणि तेवढ्या वेळात बाहेर जाऊन चहा घेता येत असे म्हणून. हा उपहास अगदी अनाठायी नव्हता. परंतु त्याच कचेरीत, त्याच मंजुऱ्या आणि त्याच लेखापरीक्षणाच्या छायेत, साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात काही विलक्षण माणसे बसली होती.

प्रमोद पती हे त्यांतले एक. ओडिशाचा हा गृहस्थ अवघ्या बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात, १९७५ पर्यंत, जे करून गेला ते पाहिले म्हणजे सरकारी नोकरीविषयीच्या सर्व विनोदांची लाज वाटते. त्यांचा ‘एक्स्प्लोरर’ १९६८ सालचा. सातएक मिनिटांच्या त्या कृष्णधवल पटात निवेदक नाही, उपदेश नाही, आकडेवारी नाही. नाचणारी तरुण मुले, प्रयोगशाळा, देवादिकांच्या प्रतिमा, यंत्रे, चेहरे हे सारे अशा वेगाने एकमेकांवर आदळते की डोळे दिपतात आणि कानांवर येणारा ध्वनी संगीत आहे की बिघाड, हे कळेपर्यंत पट संपलेला असतो. त्याच वर्षीचा ‘क्लॅक्सप्लोजन’ हा तर कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी केलेला. कुटुंबनियोजन! ज्या विषयावर लाल त्रिकोण आणि ‘हम दो हमारे दो’ यांपलीकडे सरकारी कल्पनाशक्ती सहसा गेली नाही, त्या विषयाच्या निमित्ताने या माणसाने चित्रपटाच्या भाषेचीच मोडतोड करून पाहिली.

१९७२ चा ‘आबिद’ हा आमचा विशेष आवडता. त्यात आबिद सुरती हे चित्रकार एका खोलीच्या भिंती रंगविताना दिसतात. उत्तरेत दिवस काढलेल्या वाचकांना ‘धर्मयुग’मधील ढब्बूजींचे जनक म्हणून त्यांचे नाव परिचयाचे असेल. पण ते चालत नाहीत. ते सरकतात, उगवतात, नाहीसे होतात. याची रीत अशी : माणसाने स्थिर उभे राहावयाचे, कॅमेऱ्याने एक चौकट घ्यावयाची, माणसाने वीतभर सरकावयाचे, पुन्हा एक चौकट. पडद्यावर दर सेकंदाला चोवीस चौकटी धावतात. म्हणजे एका मिनिटाच्या पटासाठी चौदाशे चाळीस वेळा थांबणे, सरकणे आणि पुन्हा थांबणे आले. बाहुलीच्या चित्रपटात बाहुली कंटाळत नाही. येथे जिवंत माणसाने बाहुली व्हावयाचे. पतींनी बाहुलीपटांचे शिक्षण प्रागला घेतले होते. ते इकडे आणून त्यांनी माणसांवर वापरले. परकीय प्रभाव म्हणाल तर हा आहे. पण मग असा प्रभाव कोणत्या कलेवर नसतो?

मकबूल फिदा हुसेन यांचा ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हाही फिल्म्स डिव्हिजनचाच. पंढरपुरात जन्मलेल्या या चित्रकाराने राजस्थानात जाऊन छत्री, कंदील, जोडा, बकरी अशा वस्तू कॅमेऱ्यापुढे मांडल्या आणि त्यांचा अर्थ सांगण्याचे साफ नाकारले. १९६७ साली बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांचे सुवर्ण-अस्वल त्याला मिळाले. तय्यब मेहतांचा ‘कूडल’ १९७० चा. तोही सरकारी पैशानेच निघाला. हुसेनांच्या उत्तरायुष्यातील वादांची येथे कोणी आठवण काढू नये. तो विषय नाही. विषय हा की, या प्रत्येक पटामागे एक फाईल असली पाहिजे. कोणी तरी प्रस्ताव मांडला असेल, कोणी तरी ‘वित्तीय सहमती घ्यावी’ असे समासात लिहिले असेल आणि कोणी तरी, नक्कीच काहीशा धास्तीने, सही केली असेल. ज्याला कथा नाही, निवेदन नाही आणि उपयोगही सांगता येत नाही, अशा गोष्टीस मंजुरी देणारा तो अनाम अधिकारी आम्हांला कोणत्याही कलासमीक्षकापेक्षा मोठा वाटतो. समीक्षकाला चुकीबद्दल खुलासा द्यावा लागत नाही.

म्हणजे जी कला आपल्याला परदेशी वाटते तिचे एक घराणे सरकारी कचेरीतच जन्मले. ते आपले आहे. आणि म्हणूनच पुढचा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही.

प्रदर्शन पाहून झाल्यावर तेथील व्यवस्थापकांपैकी एका सुशिक्षित तरुणाला आम्ही विचारले, “हे सर्व संपल्यावर या कलाकृती कोठे जातात?” चित्रे परत पाठविली जातात, हे त्याने सांगितले. “आणि ही भिंतीवरची?” तो हसला. “त्या फाईली आहेत, प्रदर्शन संपले की आम्ही त्या पुसून टाकतो. कलाकाराकडे असेलच ना!” असेलच ना! कचेरीत हे उत्तर एखाद्या नवख्या लिपिकाने दिले असते तर त्याला आम्ही त्या दिवशी जेवायला सोडले नसते.

आमच्याकडे साधा कागदही असा सुटत नाही. काम संपलेल्या फाईलवर तिची आयुर्मर्यादा लिहावी लागते. ‘अ’ वर्ग म्हणजे कायम जतन आणि शिवाय दुसरे प्रतिरूप. ‘ब’ वर्ग म्हणजे कायम जतन, पण प्रतिरूपावाचून. ‘क’ वर्ग म्हणजे ठराविक काळ, फार तर दहा वर्षे. पंखा दुरुस्तीची फाईल ‘क’ वर्गात जाते. पण तिलाही वर्ग असतो, मुदत असते आणि नष्ट करताना सही असते. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे तर १८९२ पूर्वीचा अभिलेख, तो वाचण्यापलीकडे जीर्ण झाला असल्याखेरीज, नष्टच करता येत नाही. आणि मौज अशी की, अभिलेख कशाला म्हणावे याची व्याख्या करताना त्या कायद्याने संगणकाने निर्माण केलेल्या सामग्रीचाही समावेश केला आहे. आमचे मंडळ आज ज्या वस्तूला काही म्हणावे की नाही याचा खल करीत आहे, तिला संसदेने तीस वर्षांपूर्वी, निदान सरकारी कचेऱ्यांपुरते, नाव देऊन टाकले आहे!

जतन न केल्याने काय होते याचे उदाहरण याच पदमसींच्या चरित्रात आहे. ‘सिझिजी’नंतर त्यांनी ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ नावाचा आणखी एक लहानसा पट केला. रंगांचा आणि प्रकाशाचा. आपल्याच एका चित्रातून उमललेला. त्याची प्रत एकच होती. ती दिल्लीतील एका प्रदर्शनासाठी रवाना झाली आणि परत आली नाही. संपले. पुढे कित्येक दशकांनी, २०१६ साली, अशीम अहलुवालिया या चित्रपट-दिग्दर्शकाने वृद्ध पदमसींना बरोबर घेऊन, त्यांच्या आठवणीच्या आधाराने, त्या हरवलेल्या पटाचा शोध घेणारा एक नवा पट केला. तो हृद्य आहे. पण त्याने मूळ पट येत नाही. २०२० च्या जानेवारीत पदमसी निवर्तले. ज्या एका डोक्यात तो पट शिल्लक होता तेही गेले.

आता शेजारी शेजारी ठेवून पाहा. पतींचा ‘एक्स्प्लोरर’ आज आपण पाहू शकतो आणि पदमसींचा तो पट पाहू शकत नाही. दोघांच्या प्रतिभेत तर-तम असेल म्हणून नव्हे. एकाची रिळे सरकारी कपाटात होती, तिच्यावर क्रमांक होता, नोंदवहीत ओळ होती. दुसऱ्याची एकुलती एक प्रत पाहुणी म्हणून गेली. ज्या कचेरीला आपण कलेची शत्रू म्हणतो तिच्याच रुक्ष शिस्तीने ती कला वाचविली. हे आम्ही कारकून म्हणून अभिमानाने सांगतो, आणि आमच्या कलाप्रेमी वरिष्ठांनी ते ऐकून घ्यावे अशी अपेक्षा करतो.

अर्थात सरकारी कपाटालाही आग लागते. २००३ च्या जानेवारीत पुण्याला जुन्या नायट्रेट फितींची कोठी जळाली तेव्हा मूकपटांच्या आणि आरंभीच्या बोलपटांच्या युगाचा मोठा ठेवा गेला. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’चे तुकडेच आपल्यापाशी आहेत. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट, १९३१ चा. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्रा’नंतर एक्कावन्न वर्षांनी. एक्कावन्न वर्षे या देशात चित्रपट निघत होते, पाहिले जात होते, त्यांच्यावर करमणूक कर वसूल होत होता. त्या कराची पैन्‌पै कोठे तरी नोंदली गेली असेल. पटांची मात्र कोणी विचारपूस केली नाही.

आणि डिजिटल कलेची स्थिती याहून बिकट आहे. फीत बिघडते ती सांगून बिघडते. ॲसिटेटच्या फितीला शिरक्याचा वास येऊ लागतो, ती आक्रसते, वाकते; जाणत्याला नोटीस मिळते. थंड, कोरड्या जागेत ठेवलेली फीत दशकानुदशके टिकते आणि कोणत्याही काळचा माणूस ती उजेडापुढे धरून तीत काय आहे ते पाहू शकतो. संगणकाची तबकडी असे काही सांगत नाही. ती काल चालत होती आणि आज चालत नाही, एवढेच. तबकडी सुस्थितीत असली तरी ती वाचणारे यंत्र लागते, यंत्र असले तरी ती लिपी उलगडणारी प्रणाली लागते. ‘फ्लॅश’ नावाच्या प्रणालीवर जगभरच्या कलावंतांनी वीस वर्षे हलती चित्रे केली. तिच्या निर्मात्या कंपनीने २०२० च्या अखेरीस तिचा आधार काढून घेतला आणि त्या असंख्य कृती एका रात्रीत मुक्या झाल्या. अँडी वॉरहॉलसारख्या जगद्विख्यात चित्रकाराने १९८५ साली अमिगा संगणकावर काढलेली चित्रे फ्लॉपींमध्ये पडून होती. ती २०१४ साली पिट्सबर्गच्या विद्यार्थ्यांनी खटाटोप करून बाहेर काढली. वॉरहॉल होता म्हणून कोणी शोधले. आपल्याकडील बडोद्याच्या किंवा कोलकात्याच्या एखाद्या होतकरू मुलीच्या तबकड्या कोण शोधणार?

येथे काही आधुनिक मंडळी आम्हांला ‘एनएफटी’ची आठवण देतील, डिजिटल कृतीची मालकी आता अढळ नोंदवहीत लिहिली जाते म्हणतील. बीपल या नावाने काम करणाऱ्या कलावंताची अशी एक कृती २०२१ च्या मार्चमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सहा कोटी त्र्याण्णव लाख डॉलरांना गेली, हे आम्हीही वाचले आहे. पण ही नोंद म्हणजे काय, हे पाहावे. बहुतेक वेळा तीत चित्र नसतेच. चित्र जेथे ठेवले आहे त्या ठिकाणाचा पत्ता असतो. पावती अक्षय, माल भलत्याच्या गोदामात! भांडारपालाची कामगिरी केलेल्या कोणालाही या व्यवहाराचे वेगळे वर्णन करून सांगावे लागू नये.

आम्हांला आक्षेप ठाऊक आहेत. पहिला असा की, खाजगी कलावंताची कृती, खाजगी कलादालन. त्यात सरकारने का पडावे? याला उत्तर १९५४ सालीच देऊन ठेवले आहे. त्या वर्षीच्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि आणखी ठराविक ग्रंथालयांना, स्वखर्चाने पाठविणे आवश्यक आहे. १९५६ साली वर्तमानपत्रेही त्यात आली. पदरमोड करून काव्यसंग्रह छापणाऱ्या खेड्यातील शिक्षकावरही ते बंधन आहे आणि ते अन्यायाचे आहे असे आजवर कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. तोच न्याय भिंतीवर हलणाऱ्या चित्राला का नसावा?

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे : काही कृती नाहीशा होण्यासाठीच केलेल्या असतात. हे आम्हांला पूर्ण मान्य आहे. रांगोळी सकाळी काढतात आणि संध्याकाळी ती पुसली जाते. गणपतीची मूर्ती कितीही सुरेख असली तरी अनंत चतुर्दशी टळत नाही. पण तेथे विसर्जन हा विधीचा भाग आहे. गहाळ होणे हा विधी नव्हे. ज्या कलावंताला आपली कृती नष्ट व्हावी असे वाटत असेल त्याने तसे लिहून द्यावे आणि खाली सही करावी. ‘क’ वर्गाच्या फाईलीला आम्ही करतो, तसे.

आणखी एक गोष्ट बोलायची आहे. ती जरा जपून बोलतो. १९६४ च्या आचार-नियमांतील नववा नियम आमच्या पूर्ण ध्यानात आहे. आठव्या नियमात निव्वळ वाङ्मयीन लेखनाला जी मोकळीक आहे तिच्या आश्रयाने हा लेख लिहिला आहे. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, बालचित्र समिती आणि चित्रपट महोत्सव संचालनालय ही चारही खाती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. हे बरे की वाईट, यावर आम्ही मत देत नाही. त्याच वर्षी बावीसशेच्या आसपास जुन्या पटांच्या डिजिटल जीर्णोद्धाराची योजना जाहीर झाली, ही स्वागतार्हच गोष्ट आहे. पण एखादी कचेरी दुसरीत विलीन होते तेव्हा काय होते, हे आम्हांला अनुभवाने माहीत आहे. माणसांच्या ज्येष्ठता-याद्या लागतात, खुर्च्या-टेबलांची मोजदाद होते, आणि ज्या एका म्हाताऱ्या भांडारपालाला कोणते रीळ कोणत्या फळीवर आहे हे तोंडपाठ असते तो नेमका त्याच महिन्यात निवृत्त होतो. आठ हजारांहून अधिक पटांचा तो संग्रह आहे. त्याची क्रमवार यादी, रिळाची स्थिती आणि पाहणीची तारीख यांसह, छापून सर्वांस उपलब्ध असावी, एवढी मागणी कोणत्याही नियमाखाली टीका ठरू नये.

प्रदर्शनाच्या मांडणीविषयी दोन शब्द. अंधाऱ्या खोलीत बसायला एकच बाक होता. पट किती मिनिटांचा आणि पुन्हा केव्हा सुरू होणार, हे कोठेही लिहिलेले नव्हते. त्यामुळे बहुतेक प्रेक्षक मध्येच शिरले आणि मध्येच निघाले. भिंतीवरील इंग्रजी मजकूर असा होता की, आमच्या सोबतच्या इंग्रजी घेऊन एम. ए. झालेल्या मित्राने तो दोनदा वाचला आणि मौन पत्करले. हिंदी मजकूर त्याचे यांत्रिक भाषांतर होते, आणि ‘यंत्राने केले ती कला नव्हे’ हे पहिल्या तटाचे म्हणणे तेवढ्या एका ठिकाणी आम्हांला पटले. असो.

आता ज्यांच्यासाठी हे लिहिले त्या वाचकांकडे वळतो. हा अंक ज्यांच्या हाती पडतो त्यांपैकी कित्येकजण उपसचिव आहेत, लेखाधिकारी आहेत, कोणी सांस्कृतिक मंत्रालयात, कोणी वित्त शाखेत, कोणी अभिलेखागारात आहेत. आपण आमच्याहून वरच्या पायरीवर आहात आणि तेथून ज्या गोष्टी होऊ शकतात त्या आमच्या लेखणीने होणार नाहीत. कला आहे की नाही, हा निवाडा आपल्याकडे कोणी मागितलेला नाही. अनुदानाची फाईल मात्र आपल्याच टेबलावर येते. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेने त्या पैशातून घेतलेल्या टिकाऊ मालमत्तेची नोंदवही ठेवली पाहिजे, हा नियम आपणांस आमच्यापेक्षा चांगला माहीत आहे. म्हणजे ज्या प्रदर्शनाला सरकारी हातभार लागतो तेथील प्रोजेक्टर नोंदला जातो, बाक नोंदला जातो, काळे पडदेदेखील नोंदले जातात. वर्षअखेर विनियोग प्रमाणपत्र येते आणि ते बिनचूक असते. ज्यासाठी प्रोजेक्टर घेतला त्या चित्राची ओळ त्या वहीत नसते, कारण ती ठेवा असे कोणी सांगितलेले नाही.

ती ओळ सांगण्यास नवा कायदा लागत नाही, समिती लागत नाही. मंजुरीपत्रात जेथे अटी क्रमाने लिहिलेल्या असतात तेथे आणखी एक अट घालावी : कलावंताच्या संमतीने प्रत्येक चलत्‌ किंवा संगणकीय कृतीची एक प्रत, ती कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या प्रणालीवर चालते याच्या एका पानाच्या टिपणीसह, नेमून दिलेल्या सरकारी संग्रहात जमा करावी, संमती नसल्यास तसे लेखी घ्यावे, जमा केल्याची पावती विनियोग प्रमाणपत्रास जोडावी. मसुदा आम्ही करून ठेवला आहे. तो दीड पानांचा आहे, आणि ज्या कोणा अधिकारी वाचकास हवा असेल त्यांस, नेहमीप्रमाणे, दोन प्रतींत पाठवू.